व्हीए लोन घेताना ‘नाही’ नेमकं कोण म्हणतंय ते ओळखा: अमेरिकी सैन्यातल्या आजी-माजी सैनिकांच्या घरकर्जाची वाट

पहिला गोंधळ नावातूनच होतो. व्हीए, म्हणजे अमेरिकेचं डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, सहसा कुणाला कर्ज देत नाही. मूळ अमेरिकी जमातींच्या जमिनींसाठी एक वेगळी थेट कर्जाची योजना आहे, ती सोडली तर पैसे देते बँक, क्रेडिट युनियन किंवा मॉर्गेज कंपनी. व्हीए त्या कर्जाच्या साधारण चौथ्या हिश्शाला हमी राहतं. कर्ज बुडालं तर लेंडरचा तेवढा तोटा सरकार भरून देतं. त्या हमीच्या जोरावर लेंडर डाउन पेमेंट मागत नाही आणि दरमहा मॉर्गेज इन्शुरन्सही लावत नाही. १९४४च्या जीआय बिलापासून ही व्यवस्था चालू आहे.

म्हणजे या व्यवहारात तीन वेगवेगळे पक्ष असतात: व्हीए, लेंडर आणि घर विकणारा. तिघांचे नियम वेगळे आणि तिघांची भीतीही वेगळी. ‘तुम्हाला मिळणार नाही’ असं कानावर आलं की आधी एवढंच विचारा: हा नियम व्हीएचा, की तुमच्या कंपनीचा? साधं उदाहरण क्रेडिट स्कोअरचं. व्हीएने किमान स्कोअर ठरवलेलाच नाही. ६२० किंवा ६४०ची रेघ लेंडर स्वतः ओढतो आणि दुसऱ्या लेंडरकडे तीच रेघ ५८०वर असू शकते. एका दारातून परत आलेला माणूस ‘व्हीएने नाकारलं’ म्हणून घरी बसतो, तेव्हा बहुतेक वेळा व्हीएपर्यंत त्याचा कागद गेलेलाही नसतो.

पात्र कोण

आधी एक खुलासा, कारण अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेल्या निवृत्त फौजींच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो: भारतीय सैन्यातली नोकरी इथे धरली जात नाही. सेवा अमेरिकी सैन्यातलीच हवी. मात्र सैन्यात जायला नागरिक असावंच लागतं असं नाही, ग्रीन कार्डवरही भरती होता येतं. २००९मध्ये सुरू झालेल्या आणि २०१६मध्ये नवी भरती थांबलेल्या मॅव्हनी कार्यक्रमातून व्हिसावर आलेले भारतीय तरुणही फौजेत गेले. त्यांची सेवा इतरांइतकीच मोजली जाते.

सध्या सेवेत असाल तर सलग ९० दिवसांची ॲक्टिव्ह ड्युटी पुरते. २ ऑगस्ट १९९०नंतर सेवा करून बाहेर पडला असाल तर सलग २४ महिने लागतात, किंवा ज्या मुदतीसाठी बोलावलं होतं ती पूर्ण मुदत, पण ती किमान ९० दिवसांची हवी. सेवेमुळे आलेलं अपंगत्व, कौटुंबिक अडचण किंवा सैन्यकपात या कारणांनी लवकर सोडलं असेल तर ही मुदत शिथिल होते. नॅशनल गार्ड (राज्यांचं अर्धवेळ सैन्य) आणि रिझर्व्ह (राखीव सैन्य) वाल्यांना सहा वर्षांची ग्राह्य सेवा लागते. गार्डवाल्यांसाठी आणखी एक दार आहे: टायटल ३२ या कायद्याच्या भागाखाली ९० दिवसांची पूर्णवेळ सेवा, त्यातले ३० दिवस सलग. हे दार जानेवारी २०२१च्या कायद्याने उघडलं आणि गार्डमधल्या कित्येकांना त्याची खबरच नाही. डिसचार्ज ‘डिसऑनरेबल’ नसावा.

सेवेत असताना किंवा सेवेतून आलेल्या आजाराने सैनिक गेला असेल तर त्याच्या जोडीदारालाही हा हक्क आहे. वयाच्या ५७व्या वर्षी किंवा त्यानंतर पुनर्विवाह केला तरी तो जात नाही.

सीओई काढणं

सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, बोलीत सीओई, हा पात्रतेचा दाखला. लेंडर तो व्हीएच्या संगणकातून बऱ्याचदा काही मिनिटांत काढतो, पण आम्ही सांगू, तो स्वतःच आधी काढा. व्हीएच्या संकेतस्थळावर लॉगिन करून मिळतो, नाहीतर २६-१८८० क्रमांकाचा फॉर्म टपालाने पाठवता येतो. माजी सैनिकाला डीडी २१४, म्हणजे सेवेतून सुटल्याचा दाखला, लागतो, आणि त्याची ‘मेंबर ४’ प्रत. सुटकेचं कारण आणि स्वरूप त्या प्रतीवर असतं, छोट्या प्रतीवर नसतं. अर्ज अडकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. गार्डवाल्याला एनजीबी २२ हा गार्डचा सुटकेचा दाखला आणि सेवेच्या गुणांचं एनजीबी २३ लागतं. सध्या सेवेत असणाऱ्याने युनिटच्या ॲड्जुटंटची किंवा पर्सोनेल ऑफिसची सही असलेलं ‘स्टेटमेंट ऑफ सर्व्हिस’ आणावं. त्यात पूर्ण नाव, सोशल सिक्युरिटी क्रमांक, जन्मतारीख, भरतीची तारीख, वाया गेलेला काळ आणि कमांडचं नाव हे सगळं हवं. एक गोष्ट राहिली तरी पत्र परत येतं. आपल्या नावांचा घोळ वेगळाच: एका कागदावर वडिलांचं नाव मधलं म्हणून, दुसऱ्यावर नाहीच, तिसऱ्यावर आडनावाला जोडून. डीडी २१४, ड्रायव्हर लायसन्स आणि कर्जाचा अर्ज यांवर नाव एकसारखं आहे का ते आत्ताच बघा. क्लोजिंगच्या, म्हणजे शेवटच्या सह्या होऊन घर नावावर होण्याच्या, दिवशी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लिहीत बसण्यापेक्षा ते सोपं.

सीओई हातात आला की दोन जागा वाचा. पहिली, फंडिंग फीसमोर ‘एक्झेम्प्ट’ लिहिलंय की ‘नॉन-एक्झेम्प्ट’. दुसरी, खालच्या तक्त्यात आधीच्या कर्जापोटी किती हमी अडकलेली दाखवली आहे. जुनं घर विकून, कर्ज फेडून वर्षं झाली तरी तिथे आकडा दिसत असेल तर तो आपोआप पुसला जाणार नाही. त्याच २६-१८८० फॉर्मवर, विक्रीच्या सेटलमेंट स्टेटमेंटसह, हक्क परत मागावा लागतो. घर शोधायला लागण्याआधी हे करून टाका.

हमी-हक्काचं गणित

ज्याला एन्टायटलमेंट म्हणतात त्याला आपण हमी-हक्क म्हणू. तो पूर्ण शिल्लक असेल तर १ जानेवारी २०२०पासून व्हीएकडून कर्जाला वरची मर्यादा नाही. लेंडर देईल आणि अप्रेझलमध्ये, म्हणजे घराच्या किमतीच्या अधिकृत अंदाजात, बसेल तेवढं, डाउन पेमेंटशिवाय. सीओईवर ‘३६,००० डॉलर बेसिक’ असा आकडा दिसला की लोक घाबरतात. ती कर्जाची मर्यादा नव्हे, हमीच्या हिशेबातला जुना आकडा आहे.

गणित लागतं ते पहिलं व्हीए कर्ज चालू असताना दुसरं घ्यायचं असेल तेव्हा. बदली होते, जुनं घर भाड्याने देऊन पुढे जायचं असतं, आणि कुणीतरी सांगतं की एका वेळी एकच व्हीए लोन. तसं नाही. समजा पहिलं कर्ज ३ लाख डॉलरचं होतं. त्याचा चौथा हिस्सा, ७५,००० डॉलर, हमीत अडकला. हक्क पूर्ण उरला नसेल तेव्हा काउंटीची (जिल्ह्यासारख्या विभागाची) कर्जमर्यादा हिशेबात येते. नवीन काउंटीची मर्यादा २०२५च्या सर्वसाधारण आकड्याप्रमाणे ८,०६,५०० डॉलर धरू. तिचे २५ टक्के म्हणजे २,०१,६२५. त्यातून ७५,००० वजा केले की उरले १,२६,६२५. याची चौपट ५,०६,५००. एवढ्यापर्यंत शून्य डाउन. घर ६ लाखांचं असेल तर वरच्या ९३,५०० डॉलरचा चौथा हिस्सा, म्हणजे २३,३७५ डॉलर, खिशातून भरायचे. काउंटीची मर्यादा दरवर्षी जानेवारीत बदलते आणि महागड्या भागांत याहून बरीच जास्त असते, तेव्हा चालू वर्षाचा आकडा घालून गणित पुन्हा मांडा.

जुनं कर्ज फेडलं पण घर विकायचं नाही, अशाही स्थितीत हक्क परत मिळतो, पण आयुष्यात एकदाच. छोट्या घरावर तो उडवू नका.

शून्य डाउन, पण फुकट नव्हे

फंडिंग फी ही या योजनेची खरी किंमत. ७ एप्रिल २०२३पासूनचे दर असे: पहिल्यांदा वापरताना डाउन पेमेंट ५ टक्क्यांहून कमी असेल तर २.१५ टक्के, नंतरच्या वापराला ३.३ टक्के. ५ टक्के भरले तर १.५, १० टक्के भरले तर १.२५, मग वापर कितवाही असो.

४ लाख डॉलरच्या घरावर पहिल्यांदा शून्य डाउन घेतलं तर फी ८,६०० डॉलर. ती कर्जातच घालता येते, म्हणजे कर्ज ४,०८,६००चं होतं आणि त्या फीवर तीस वर्षं व्याजही चढतं. दुसऱ्या वेळी हीच फी १३,२०० डॉलर. पण दुसऱ्या वेळी २०,००० डॉलर डाउन भरले तर फी ३,८०,०००वर दीड टक्का, म्हणजे ५,७०० डॉलर. साडेसात हजारांचा फरक. दुसऱ्यांदा घेणाऱ्याकडे पाच टक्के असतील तर ते भरणं बहुधा शहाणपणाचं. पहिल्यांदा घेणाऱ्याने मात्र फी वाचवायला हातातली सगळी गंगाजळी रिकामी करू नये.

सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई व्हीएकडून मिळत असेल, अगदी १० टक्के रेटिंगची असली तरी, फी पूर्ण माफ. निवृत्तिवेतन किंवा ॲक्टिव्ह ड्युटीचा पगार घेता म्हणून भरपाई हातात येत नसेल, पण हक्क आहे, तरी माफ. सेवेत असलेला पर्पल हार्टधारक (लढाईतल्या जखमेचं पदक मिळालेला) आणि डीआयसी, म्हणजे गेलेल्या सैनिकामागे मिळणारी भरपाई, घेणारा जोडीदार यांनाही माफ. इथली मेख तारखेत आहे. अपंगत्वाचा दावा अजून निकालात निघाला नसेल तरी तो क्लोजिंगच्या आधी दाखल केलेला असू द्या. पुढे तो मंजूर झाला आणि लागू तारीख क्लोजिंगच्या आधीची पडली तर भरलेली फी परत मागता येते. मात्र मागावी लागते. दाव्याचा कागद घर मिळाल्यावर बघू म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलात, तर त्या दिरंगाईची किंमत आठ-दहा हजार डॉलर होऊ शकते.

फी सोडून क्लोजिंगचा बाकी खर्च असतोच: अप्रेझल, टायटल, नोंदणी, वर्षभराचा विमा, कराची आगाऊ रक्कम. लेंडरने स्वतःच्या कामापोटी कर्जाच्या १ टक्क्याहून जास्त घ्यायचं नाही. हा १ टक्का घेतला की वर ‘प्रोसेसिंग’, ‘अंडररायटिंग’ अशा नावांनी वेगळी आकारणी चालत नाही. लेंडर देतो त्या खर्चाच्या अंदाजपत्रकाच्या, म्हणजे लोन एस्टिमेटच्या, दुसऱ्या पानावर ‘ए’ विभाग असतो, तिथे हे सगळं उघडं पडतं. निदान तीन लेंडरांचे लोन एस्टिमेट एकाच दिवशी मागवा. व्याजदर व्हीए ठरवत नाही, त्यामुळे ते वेगळे निघणार. दर कमी दिसला की पॉइंट्स (दर उतरवण्यासाठी आगाऊ घेतलेली रक्कम) किती लावलेत ते त्याच विभागात बघा.

घर विकणारा नेहमीचा क्लोजिंग खर्च उचलू शकतोच. शिवाय घराच्या व्हीएने मान्य केलेल्या किमतीच्या ४ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतो, तीत तुमची फंडिंग फी किंवा क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिलसुद्धा बसतं. बाजार थंड असेल तेव्हा हे जरूर मागा. तुमच्या बाजूच्या एजंटचं कमिशन माजी सैनिकाने भरायला पूर्वी बंदी होती. १० ऑगस्ट २०२४पासून व्हीएने ती उठवली आहे, पण ते कमिशन कर्जात घालता येत नाही. म्हणून एजंटशी करार करताना विकणाऱ्याने दिलं नाही तर किती भरावं लागेल ते आकड्यात लिहून घ्या.

आईवडिलांनी पुण्याहून खर्चाला पैसे पाठवले तर चालतात, पण भेट म्हणून. परतफेड नाही असं लिहिलेलं गिफ्ट लेटर, त्यांच्या खात्यातून रक्कम निघाल्याचा कागद आणि तुमच्या खात्यात आल्याचा कागद, तिन्ही लागतात. भारतातून एका व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. दहा लाख रुपयांच्या वर टीसीएस कापला जातो, तो त्यांनी आपल्या रिटर्नमध्ये परत घ्यायचा. एका वर्षात परदेशातल्या व्यक्तीकडून आलेल्या भेटी १ लाख डॉलरच्या वर गेल्या तर तुम्हाला आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकी आयकर खात्याकडे, ३५२० फॉर्म भरावा लागतो. कर लागत नाही, पण न भरल्याचा दंड जबर असतो. पैसे अर्जाच्या दोन-तीन महिने आधी येऊन खात्यात मुरले तर प्रश्न कमी येतात.

पगार बघतात, पण जास्त बघतात ते उरतं किती

व्हीए लोन इतरांहून खरंच वेगळं आहे ते इथे. इतर कर्जांत हप्ते भागिले उत्पन्न या गुणोत्तरावर सगळं चालतं. व्हीएही ४१ टक्क्यांची खूण ठेवतं, पण तिथे थांबत नाही. ते विचारतं: कर, घराचा हप्ता, बाकी हप्ते, देखभाल सगळं वजा जाता महिनाअखेर किराणा, पेट्रोल आणि मुलांच्या बुटांसाठी हातात किती उरतं? याला रेसिड्युअल इन्कम म्हणतात आणि त्याचा किमान आकडा प्रदेश आणि माणसं पाहून ठरलेला आहे. ८० हजार डॉलर किंवा त्याहून मोठ्या कर्जाला चार माणसांच्या घरात ईशान्येला १,०२५, मध्यपश्चिम आणि दक्षिणेला १,००३, पश्चिमेला १,११७ डॉलर. पाच माणसं असतील तर अनुक्रमे १,०६२, १,०३९ आणि १,१५८, त्यापुढे सातव्यापर्यंत प्रत्येक माणसामागे ८० डॉलर वाढतात. भारतातून येऊन कायमचे राहिलेले, तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही माणसांत मोजले जातात, हे विसरू नका.

एक हिशेब जवळून बघू. टेक्ससमध्ये सॅन अँटोनिओला चार जणांचं कुटुंब, घर ४ लाखांचं, १,९०० चौरस फूट. फंडिंग फी धरून ४,०८,६०० डॉलरचं कर्ज, दर साडेसहा टक्के, तीस वर्षं.

महिन्याचं ढोबळ उत्पन्न: ९,२०० डॉलर
कर आणि सोशल सिक्युरिटी वजा: १,५००
मुद्दल-व्याज २,५८३, मालमत्ता कर ६५०, विमा २५०: मिळून ३,४८३
देखभाल आणि वीज-पाणी, चौरस फुटाला १४ सेंट: २६६
गाडीचा हप्ता: ५२०
क्रेडिट कार्डाचा किमान हप्ता: १४०
पाळणाघर: ७००
हातात उरले: २,५९१

आता गुणोत्तर काढा: घर, गाडी, कार्ड, पाळणाघर मिळून ४,८४३, म्हणजे ९,२००च्या ५२ टक्क्यांहून थोडं जास्त. ४१च्या बरंच वर. तरी व्हीएच्या नियमाने हे कर्ज बसू शकतं, कारण ४१ ओलांडल्यावर उरलेली रक्कम किमान आकड्याच्या २० टक्के वर, म्हणजे सुमारे १,२०४ डॉलर हवी, आणि इथे ती दुपटीहून जास्त आहे. लेंडर ‘५० टक्क्यांच्या वर आम्ही जात नाही’ म्हणाला तर तो त्याचा नियम. पुढचं दार ठोठवा.

मात्र याच तक्त्यात पाळणाघराचे ७०० डॉलर आहेत ते बघा. पगाराच्या कागदांवर ते कुठेच नसतात आणि कर्जदार सांगायला विसरतो. अंडररायटर, म्हणजे लेंडरकडे फाईल तपासून मंजूर करणारा, मुलांची वयं वाचून विचारतोच, आणि मग क्लोजिंगच्या आठवड्यात पत्राची पळापळ होते. आजी-आजोबा सांभाळत असतील तर तसं लेखी द्या.

काही बारकावे. करमुक्त उत्पन्न, जसं सैन्याचा घरभाडे भत्ता (बीएएच) किंवा अपंगत्वाची भरपाई, गुणोत्तर काढताना वाढवून धरता येतं, पण उरलेली रक्कम काढताना जेवढ्यास तेवढंच. विद्यार्थी कर्जाचा हप्ता क्लोजिंगनंतर किमान १२ महिने तहकूब असेल तर तो सोडून देतात. नाहीतर बाकीच्या ५ टक्क्यांना १२ने भागून धरतात: ३०,००० डॉलर बाकी असेल तर महिना १२५. आणि जे आपल्या लोकांना नेहमी नडतं: पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटचा हप्ता अमेरिकेच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसत नाही, तरी तो अर्जात सांगावाच लागतो. लपवला आणि बँक स्टेटमेंटमध्ये दरमहा भारतात जाणारी रक्कम दिसली, तर फाईल तिथेच अडकते. तिकडे फ्लॅट आहे म्हणून व्हीए लोन नाकारलं जात नाही. पहिलंच घर असावं अशी अट नाही, फक्त नवीन घरात स्वतः राहायचं आहे.

ॲरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेवाडा, न्यू मेक्सिको, टेक्सस, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत नवराबायकोची मिळकत सामाईक मानतात. तिथे जोडीदाराचं नाव कर्जावर नसलं तरी त्याची किंवा तिची देणी मोजली जातात. भाऊ किंवा मित्र यांच्याबरोबर एकत्र कर्ज घ्यायचं असेल तर हमी फक्त सैनिकाच्या वाट्याला मिळते आणि बाकीच्या वाट्यासाठी डाउन पेमेंट मागितलं जातं.

सेवेत आहात आणि पगाराच्या चिठ्ठीवर (एलईएस) सेवेचा करार संपण्याची तारीख (ईटीएस) क्लोजिंगपासून १२ महिन्यांच्या आत दिसते? मग पुन्हा करार केल्याचा कागद, किंवा बाहेरच्या नोकरीचं पक्कं पत्र, किंवा पुन्हा भरतीचा तुमचा लेखी इरादा आणि अडचण नसल्याचं कमांडरचं पत्र आधीच जोडा.

बोली, अप्रेझल आणि जोत्याखालची बॅटरी

करारात व्हीएचं एस्केप क्लॉज असतंच असतं. व्हीएने ठरवलेली किंमत करारापेक्षा कमी निघाली तर तुम्ही इसाऱ्याची रक्कम घेऊन बाहेर पडू शकता. कुणी ‘बोली जोरदार दिसावी म्हणून ते काढा’ म्हणालं तर ऐकू नका. ते काढून व्हीए लोन होत नाही.

अप्रेझर व्हीएच्या यादीतला येतो, लेंडर आपल्या पसंतीचा आणत नाही. किंमत कमी निघेलसं वाटलं तर तो अहवाल देण्याआधी लेंडरने संपर्कासाठी दिलेल्या माणसाला कळवतो. याला टाइडवॉटर म्हणतात, आणि मग तुमच्या बाजूला फक्त दोन कामाचे दिवस असतात, तेवढ्यात आसपासच्या झालेल्या विक्रींचे दाखले द्यायचे. म्हणून एजंटला बोली लागते त्याच दिवशी तीन तुल्य विक्रींचा कागद तयार ठेवायला सांगा. अहवालानंतरही फेरविचार मागता येतो. तो फेटाळला तर भाव पाडून घ्या, फरक रोखीने भरा किंवा निघा.

अप्रेझर किंमतीबरोबर घर सुरक्षित, मजबूत आणि आरोग्याला ठीक आहे का तेही बघतो. काय अडतं ते जवळजवळ ठरलेलं आहे. १९७८च्या आधीच्या घरावर पोपडे सुटलेला रंग दिसला की शिसं असल्याचं धरून तो खरवडून नवा लावायला सांगतात. गळकं छप्पर. नळ आहेत त्या भागात निदान ५० अंश फॅरनहाइट राखू शकेल अशी कायमची हीटिंग व्यवस्था नसणं; सुटा हीटर चालत नाही. बऱ्याच राज्यांत वाळवीचा तपासणी अहवाल. विहिरीचं पाणी असेल तर पाण्याची चाचणी. आणि जोत्याखालची पोकळी: तिचं झाकण उघडत नसेल, आत ओल साचली असेल किंवा कचरा भरला असेल, तर अप्रेझर बॅटरी टाकून बघतो आणि परत यायला सांगतो, फेरतपासणीची फी वेगळी. विकणाऱ्याने आदल्या दिवशी झाकण उघडून, वाट मोकळी करून ठेवली तर आठवडा वाचतो. कॉन्डो घेत असाल तर ती इमारत व्हीएच्या मंजूर यादीत आहे का ते बोली लावायच्या आधी बघा.

अप्रेझल म्हणजे होम इन्स्पेक्शन नव्हे. भट्टी चालते की नाही ते अप्रेझर सांगेल, ती पुढच्या हिवाळ्यात टिकेल का ते सांगणार नाही. चार-पाचशे डॉलर खर्चून स्वतःचा इन्स्पेक्टर आणाच.

क्लोजिंग

क्लोजिंग डिस्क्लोजर तीन कामाचे दिवस आधी हातात पडतं. फंडिंग फीचा रकाना आधी बघा. माफी असताना ती लावलेली सापडते. मधल्या काळात नवी गाडी, फर्निचरचं कर्ज, नोकरीबदल, काही नाही. वायरने पैसे पाठवायच्या सूचना ईमेलने आल्या तर टायटल कंपनीला (मालकी तपासून व्यवहार पुरा करणाऱ्या कंपनीला) आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. ईमेलमधल्या क्रमांकावर नाही.

सैनिक परदेशी तैनातीवर असेल तर जोडीदार मुखत्यारपत्रावर सही करू शकते. त्यात त्या विशिष्ट मालमत्तेचा आणि व्हीए हक्क वापरण्याचा स्पष्ट उल्लेख हवा, सर्वसाधारण मुखत्यारपत्र पुरत नाही. आणि क्लोजिंगच्या वेळी सैनिक जिवंत असल्याची, बेपत्ता नसल्याची खात्री लेंडरला करून घ्यावी लागते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्या आपल्या पेन्शनरांना हे ऐकून गंमत वाटेल, पण इथे त्या एका ईमेलवाचून पैसे सुटत नाहीत. युनिटमध्ये कुणाकडून उत्तर येईल ते आधी ठरवून ठेवा.

सर्वसाधारणपणे ६० दिवसांत राहायला जायचं असतं. सेवेत असलेल्याच्या जागी जोडीदार राहिली तरी अट पुरी होते. चार युनिटपर्यंतची इमारतही घेता येते, एकात स्वतः राहिलं की झालं.

पहिल्या वर्षाचा हप्ता ठरवताना मालमत्ता कर विकणाऱ्याच्या जुन्या बिलावरून धरला असेल तर दुसऱ्या वर्षी एस्क्रोत, म्हणजे कर-विम्यासाठी हप्त्यातून साठवलेल्या खात्यात, खड्डा पडतो. नव्या बांधकामात तर जुना कर नुसत्या जमिनीचा असतो. खऱ्या किमतीवर कर किती येईल ते काउंटीच्या संकेतस्थळावरून काढा. उलट, १०० टक्के अपंगत्वाचं रेटिंग असलेल्या माजी सैनिकाला टेक्ससमध्ये राहत्या घराचा मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो, लेंडर करून देत नाही.

नंतरच्या दोन गोष्टी

व्हीए कर्ज आहे त्या दरासह घर घेणाऱ्याच्या नावावर चढवता येतं, तो सैनिक नसला तरी. जुना स्वस्त दर असेल तर घर विकताना हे मोठं आमिष. पण १ मार्च १९८८नंतरच्या कर्जांना मंजुरी लागते, ०.५ टक्के फी पडते, आणि दोन कागद हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नये. एक, तुमची जबाबदारी संपल्याचा. दुसरा, हमी-हक्काच्या अदलाबदलीचा, आणि तो मिळतो फक्त घेणारा स्वतः पात्र सैनिक असून आपला हक्क देत असेल तर. नाहीतर तो माणूस कर्ज फेडेपर्यंत तुमचा हक्क त्या घरात अडकतो. घटस्फोटात घर जोडीदाराला जातं तेव्हा हाच पेच पडतो.

दुसरी गोष्ट टपालातून येते. गरुडाचं चित्र, सरकारी दिसणारा मथळा, ‘दोन हप्ते भरू नका, दर कमी करा’. पत्र व्हीएचं नसतं, आयआरआरआरएल नावाचं सोपं पुनर्कर्ज विकणाऱ्या कंपनीचं असतं. त्या दोन ‘न भरलेल्या’ हप्त्यांचं व्याज नव्या कर्जात किंवा क्लोजिंगच्या रकमेत येऊन बसतं. योजना वाईट नाही, फंडिंग फी फक्त ०.५ टक्के आहे. पण नियम पक्के आहेत: जुन्या कर्जाचे सहा हप्ते भरलेले आणि पहिल्या हप्त्याच्या तारखेपासून २१० दिवस झालेले हवेत, स्थिर दरातून स्थिर दरात जाताना दर निदान अर्ध्या टक्क्याने उतरायला हवा, आणि फंडिंग फी व एस्क्रो वगळता झालेला खर्च हप्त्यातल्या बचतीतून ३६ महिन्यांत भरून यायला हवा. पत्रातला खर्च ६,००० डॉलर आणि महिन्याची बचत १५० डॉलर असेल तर भागाकार ४० येतो, म्हणजे ते कर्ज नियमात बसत नाही.